मोजा निघाला कल्याणला

दोस्तांनो, जुलैमधली एक संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. बाहेर धो धो पाऊस. गाड्या उशिरा, म्हणून बाबा अजून ठाण्यालाच अडकलेले. आणि घरात? घरात कपडेच कपडे! गॅलरीच्या ग्रिलला टॉवेल, दारांवर चादरी, खुर्चीच्या पाठीवर परकर, आणि पंख्याखालच्या दोरीवर तुमचा शाळेचा युनिफॉर्म. कालपासून वाळत घातलाय, पण हात लावून बघा, गारच आहे. शिवाय तो ओळखीचा कुबट वास! उद्या तर पीटीचा तास.

मग स्वयंपाकघरातून आईचा आवाज येतो, "अरे, ड्रायरमधून पुन्हा एकदा काढ ना तो!"

आज या ड्रायरशीच ओळख करून घेऊ या. आपल्याकडे पुष्कळ घरांत सेमी ऑटोमॅटिक मशीन असतं. त्यात एक मोठी टाकी धुण्याची आणि शेजारी एक उभं, भोकाभोकांचं छोटं पिंप. त्या पिंपाला आपण ड्रायर म्हणतो खरं, पण ते कपडे वाळवत नाही, पिळतं. गरम हवेने कपडे वाळवणारा खराखुरा ड्रायर तुमच्या अमेरिकेतल्या मावशीकडे असेल. तिला एवढंच विचारा, की त्यातली तुसाची जाळी ती दर वेळी साफ करते का? कारण कपड्यांचा तो मऊ तूस कापसासारखा पेट घेतो, आणि त्यापायी घरांना आगी लागल्या आहेत.

आपल्या पिंपाकडे वळू. हे पिंप मिनिटाला साधारण १३०० फेरे घेतं. मधल्या दांड्यापासून कडेपर्यंतचं अंतर १२ सेंटिमीटर धरा. आता काढा वही! वर्तुळाचा परीघ म्हणजे २ गुणिले ३.१४ गुणिले १२, म्हणजे सुमारे ७५ सेंटिमीटर. त्याला १३०० ने गुणा. उत्तर आलं ९७५ मीटर, आणि तेही एका मिनिटात! म्हणजे डोंबिवलीत तुम्ही कडेला एक मोजा ठेवला आणि पाच मिनिटांचा टायमर लावला, तर तेवढ्या वेळात तो जवळजवळ पाच किलोमीटर धावतो. रुळावरून सरळ धावला असता, तर ठाकुर्ली मागे टाकून कल्याणच्या जवळपास पोचला असता. वेग ताशी ५८ किलोमीटरच्या वर. जत्रेत मौत का कुआँ पाहिलाय ना? मोटरसायकलवाला जसा भिंतीला चिकटून फिरतो, तसे कपडे पिंपाच्या भिंतीला चिकटतात. कपडे भिंतीला अडतात, पण पाण्याला भोकं सापडतात आणि ते बाहेर पळतं. त्या पाण्यावर त्याच्या वजनाच्या दोनशेपटीहून जास्त जोर पडतो. आजीने दोन्ही हातांनी कितीही पिळलं, तरी एवढं पाणी काही निघायचं नाही.

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगताना मला अजून थोडी लाज वाटते.

काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात आमचा ड्रायर फिरेनासा झाला. आम्ही एका मेकॅनिकला बोलावलं. त्याने उघडून पाहिलं आणि म्हणाला, "ब्रेक जाम झालाय साहेब, झाकणाचा स्विचही गेलाय. पार्ट यायला चार दिवस लागतील. सध्या ब्रेक काढून ठेवतो नि स्विच डायरेक्ट करून देतो." घरात ओल्या कपड्यांचा ढीग, म्हणून मी म्हटलं, करा! दहा मिनिटांत ड्रायर सुरू. वर गंमत म्हणजे आता तो झाकण उघडं असतानाही फिरायचा. शेजारची मुलं तो बघायला यायची. चार दिवसांचे पंधरा दिवस झाले आणि मी तो पार्ट विसरूनही गेलो.

मग एका रविवारी आमच्या धाकटीला दिसलं, की परकराचा नाडा पिंपाच्या कडेवरून बाहेर लोंबतोय. तो आत ढकलायला तिने हात घातला. पिंप फिरतच होतं. नाड्याने तिच्या दोन बोटांना वेढा घातला आणि बोटं ओढली. नशिबाने नाडा जुना होता, तटकन तुटला. बोटांची सालटी निघाली, आठ दिवस पट्टी, चाचणी परीक्षेत बाईंनी तिला पेपर तोंडी सांगू दिला. नाडा नवा असता तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही करत नाही. सगळे तिला म्हणाले, "हात कशाला घातलास?" पण चूक तिची नव्हती, माझी होती. दुसऱ्याच दिवशी नवा स्विच आणि नवा ब्रेक बसवून घेतला. खर्च म्हणाल, तर आम्ही चौघे सिनेमाला जाऊन आलो असतो, त्याहून कमी!

ते झाकण आणि तो ब्रेक करतात तरी काय? तुमच्या सायकलचा ब्रेक आठवा. मूठ दाबली की तार ओढली जाते आणि रबर चाकाला घट्ट धरतं. इथेही ब्रेक तसाच धरतो, फक्त तारेचं काम उलटं. झाकण उचललं की दोन कामं होतात: स्विचमुळे मोटरची वीज तुटते आणि तार सैल पडल्यामुळे ब्रेक पिंपाखालच्या चाकाला धरतो. झाकण पूर्ण बसलं नाही तर ड्रायर सुरूच होत नाही, तेही याचमुळे. तो बिघाड समजून कुणी मेकॅनिकला बोलावण्याआधी झाकण नीट दाबून बघा.

आज आई किंवा बाबांना बरोबर घेऊन एक परीक्षा घ्या. रिकामा ड्रायर मिनिटभर फिरवा, झाकण उचला, हात मागे ठेवा आणि सावकाश अंक मोजा. चांगला ब्रेक पिंपाला लवकरच थांबवतो. पंधरा मोजूनही पिंप फिरतच असेल, तर ब्रेक झिजलाय. दुरुस्त होईपर्यंत ड्रायर वापरायचा नाही, मग युनिफॉर्म ओला राहिला तरी चालेल.

आता बाकीच्या तक्रारी. ड्रायर धडाधड नाचतो? बहुतेक वेळा ओली जीन्स एका बाजूला गोळा झालेली असते. थांबवा, कपडे सगळीकडे सारखे दाबून बसवा, वर ती प्लॅस्टिकची चकती ठेवा. ही चकती अनेक घरांत हरवलेलीच असते! ती नसली की रुमाल, मोजे वर उडतात आणि पिंपाच्या बाहेरच्या फटीत जाऊन बसतात. मग पिंप अडतं. (आमच्या मशीनमधून एकदा तीन मोजे निघाले. तीन वेगवेगळ्या जोड्यांचे.) कपडे नीट लावूनही नाचतोय? मग मशीनचे पाय बघा. बाथरूमला उतार असतो, त्यामुळे एक पाय अधांतरी राहतो. पिंप रडतखडत फिरतंय आणि खाली पाणी साचलंय? पाणी जायचा पाइप उंच अडकला असेल किंवा तुसाने तुंबला असेल. नुसता घूं घूं आवाज येतो पण पिंप हलत नाही? बटण लगेच बंद करा, नाहीतर मोटर जळेल. मागचं झाकण मात्र तुम्ही उघडायचं नाही. आत कपॅसिटर असतो आणि प्लग काढल्यावरही त्यात वीज उरलेली असू शकते.

आणि उंदीरमामा! मशीनच्या तळाला जाळी नसेल, तर ते खालून शिरून वायरी कुरतडतात. तळाची जाळी जरूर बसवून घ्या. मशीनला हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर मेन स्विच बंद करून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, कारण अर्थिंगमध्ये गडबड आहे.

२६ जुलै २००५ चा पाऊस आई-बाबांना आठवत असेल. त्या दिवशी उल्हास आणि वालधुनी नद्यांचं पाणी कल्याण-बदलापूर भागातल्या कितीतरी तळमजल्यांत शिरलं. मशीनची मोटर अगदी खाली असते, म्हणून ती आधी बुडते. असं मशीन वरून कोरडं दिसलं तरी चालू करायचं नसतं. मेकॅनिककडून मोटर तपासून, वाळवून घ्यावी लागते.

या रविवारी एक प्रयोग. शाळेतला ताणकाटा मिळाला तर उत्तम, नाहीतर रद्दीवाल्याकाकांचा मागा. एक टॉवेल आधी कोरडा, मग ओला करून हाताने पिळलेला, मग ड्रायरमधून काढलेला, असा तीनदा तोला. कोरड्या टॉवेलचं वजन वजा केलंत, की दर वेळी कपड्यात किती पाणी उरलं ते कळेल. आपल्याकडची पावसाळी हवा आधीच दमट, ती एवढंसंच पाणी उचलते. तेव्हा ड्रायरने वाचवलेला प्रत्येक थेंब दोरीवरचा वेळ वाचवतो. आकडे वहीत लिहून ठेवा. आणि हो, टॉवेल काढताना पिंप पूर्ण थांबलंय ना, ते आधी बघा.