झाडू आणि ध्वज

१९४२ साली गॉर्डन पार्क्स हे तरुण कृष्णवर्णीय छायाचित्रकार अमेरिकन सरकारच्या एका खात्यात काम करण्यासाठी वॉशिंग्टनला आले. राजधानीत त्यांना दुकानात कोट मिळाला नाही, उपाहारगृहात जेवण नाही आणि चित्रपटगृहात प्रवेशही नाही. खिशात पैसे होते. आड आला तो कातडीचा रंग. संतापलेल्या पार्क्स यांना वरिष्ठ अधिकारी रॉय स्ट्रायकर यांनी त्याच इमारतीत झाडलोट करणाऱ्या एला वॉटसन यांच्याशी बोलण्यास सुचवले. वर्षाला १,०८० डॉलर पगार आणि त्यावर सहा जणांचा प्रपंच! पार्क्स यांनी त्यांना राष्ट्रध्वजासमोर झाडू घेऊन उभे केले. वर्ण, स्त्रीजन्म आणि दारिद्र्य या तिन्हींचा ताळेबंद एका चौकटीत मांडला गेला.

जैन दर्शनानुसार हिंसा मन, वचन आणि काया या तिन्हींनी घडते. गिऱ्हाइकाला हिणवून परत पाठवणे हीही हिंसाच. आपली पेढी रोज झाडणाऱ्या बाईचे पूर्ण नाव मालकाला ठाऊक असते काय, हा प्रश्न ते छायाचित्र आजही विचारते.