तारीख घातलेले आकाश

सूर्यास्ताचा फोटो कुणालाही चांगला येतो. त्यात काढणाऱ्याचे फारसे कर्तृत्व नसते. निम्मे काम सूर्य करतो आणि उरलेले हल्ली फोन करतो. त्यामुळे रोज संध्याकाळी आपल्या फोनवर इतके सूर्यास्त येऊन पडतात की, त्यांतला एखादा उघडून पाहावा असेही वाटत नाही. फिरायला जाणाऱ्यांनी फोटो काढण्याला माझी हरकत नाही. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी स्वतः रोज सकाळी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जातो आणि रोज फोटो काढतो. तक्रार एवढीच की, बहुतेकजण सुंदर दिसले तरच फोटो काढतात आणि एरवी फोन खिशात ठेवतात. माझ्या मते फिरताना काढलेल्या फोटोचे मोल सौंदर्यात नाही, तारखेत आहे.

बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला तारखेचे वेड असायचेच, असे कुणी म्हणेल. म्हणोत बापडे. आमच्या वेळी शाखा उघडली की पहिले काम रबरी शिक्क्यावरची तारीख बदलण्याचे. तारीख नसलेला चेक कितीही सुरेख अक्षरात लिहिलेला असो, काउंटरवरून परत जायचा.

माझा हा हट्ट तसा जुन्या घराण्यातला आहे. इंग्लंडचा चित्रकार जॉन कॉन्स्टेबल याने १८२१ आणि १८२२ साली लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला आकाशाची आणि ढगांची कितीतरी चित्रे रंगवली. त्यांतल्या अनेकांच्या पाठीमागे त्याने तारीख, वेळ आणि वारा कुठून वाहत होता हे लिहून ठेवले आहे. जपानमधल्या क्योटो शहरात चेरी कधी फुलली याच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या मिळतात. आरंभी त्या कुणा शास्त्रज्ञाने केलेल्या नाहीत. दरबारी मंडळींनी आणि भिक्षूंनी आपापल्या रोजनिशीत फुले पाहायला गेल्याचे लिहिले, इतकेच. २०२१ साली तिथला बहर २६ मार्चला ऐन भरात आला आणि तो बाराशे वर्षांच्या नोंदींतला सर्वांत लवकर आलेला बहर ठरला. हे ठामपणे सांगता आले ते त्या रोजनिश्यांच्या जोरावर. लिहिणाऱ्यांना हवामानबदल हा शब्दही ठाऊक नव्हता.

आमच्या शहराचे तर हवामानाशी जुने नाते. हवामानखात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आले, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. मग खात्याकडे आकडे असताना तुमची लुडबूड कशाला, असे एका मित्राने मला विचारले. उत्तर सोपे आहे. वेधशाळा पाऊस मोजते, तापमान मोजते, वारा मोजते. माझ्या गल्लीतला बहावा यंदा कधी पिवळा झाला, हे मोजायला ती येत नाही.

टेकडीवर माझी एक जागा ठरलेली आहे. तिथून दक्षिणेला सिंहगड दिसतो, सरळ रेषेत २० किलोमीटरच्या आतच. सकाळी सात वाजता त्याच जागेवरून त्याच दिशेने एक फोटो काढायचा, हा नेम. पावसाळा ओसरल्यावर एखाद्या सकाळी गडावरचा दूरदर्शनचा मनोरा काडीसारखा स्पष्ट दिसतो. थंडीत मात्र हवा जमिनीलगत अडकून बसते, धूर आणि धूळ वर जाऊ शकत नाहीत, आणि शहरावर एक तपकिरी पट्टा ओढल्यासारखा दिसतो. अशा दिवशी गड नसतोच. फोटो अगदी रद्दी येतो. पण माझ्या वहीत तो सर्वांत मोलाचा, कारण ‘आज गड दिसला नाही’ अशा नोंदी वर्षात किती झाल्या हे मला मोजता येते. नुसते देखणे फोटो जपणाऱ्याच्या संग्रहात वर्षभर सिंहगड स्वच्छच दिसणार!

झाडांचेही तसेच. पानगळ झालेली काटेसावर लाल फुलांनी भरते, पाठोपाठ पांगारा, मग बहावा आणि गुलमोहर. दिवाळीच्या सुमारास बुचाची पांढरी फुले रस्त्यावर पडतात. फुलांचा फोटो सगळे काढतात. फुले नसलेल्या झाडाचा, त्याच्या खोडाचा, शेजारच्या कुंपणासह फोटो कुणी काढत नाही. आणि नेमका तोच पुढे लागतो.

का लागतो ते सांगतो. महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. त्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. भरपाई म्हणून लावायच्या झाडांची संख्याही तोडल्या जाणाऱ्या झाडाच्या वयाशी बांधली गेली. म्हणजे आता झाडाचे वय हा कागदावरचा महत्त्वाचा रकाना झाला. आमच्या जवळच्या रस्त्यावरच्या एका वर्षावृक्षाला दोन वर्षांपूर्वी तोडणीची नोटीस लागली. तीत वय लिहिले होते ४० वर्षे. हरकत घ्यायला मुदत थोडी. गल्लीतले सगळे म्हणत होते, झाड फार जुने आहे. पण ‘फार जुने’ याला कुठल्याही कचेरीत किंमत नसते. शेवटी कोपऱ्यावरच्या आजींनी लग्नाचा आल्बम काढला. १९७१ साल, फोटोच्या मागे छायाचित्रकाराचा तारखेचा शिक्का, आणि वरातीच्या मोटारीमागे तेच झाड, तेव्हाच दुमजली घराएवढे. आजींनी काही झाडाचा फोटो काढून घेतला नव्हता. त्याची प्रत आम्ही हरकतीला जोडली. झाड अजून उभे आहे. रस्त्याच्या बाजूच्या दोन मोठ्या फांद्या मात्र गेल्या.

प्रत्येक झाडामागे वरात उभी राहत नाही, म्हणून हे काम फिरणाऱ्यांनी करावे असे मला वाटते. पुण्यात टेकड्यांवर रोज शेकडो माणसे चढतात. प्रत्येकाने एक झाड आणि आकाशाचा एक तुकडा घेतला तरी शहराची मोठी नोंदवही तयार होईल. झाड गेल्यावर ‘इथे कुठे झाड होते?’ असे विचारणारे नेहमी भेटतात. सहा महिन्यांत आपलेही डोळे नव्या दृश्याला सरावतात आणि मग ते विचारणारेच खरे वाटू लागतात.

यात फोनवर फार विसंबू नये. हल्लीचा फोन एका फोटोसाठी अनेक फोटो घेऊन ते जुळवतो, आकाश अधिक निळे करतो, धुरकेही पुसतो. म्हणून गड दिसला की नाही हे मी आधी डोळ्यांनी पाहून वहीत लिहितो आणि मग फोटो काढतो. आणखी एक. फोटोच्या आत तारीख असते खरी, पण व्हॉट्सॲपवरून पुढे पाठवला की ती बहुधा गळून पडते. तेव्हा नोंद कागदावर हवी. पाखरांच्या घरट्यांपाशी मात्र जाऊ नये. पिलांच्या फोटोसाठी फांद्या वाकवणारे हौशी लोक मला अजिबात आवडत नाहीत.

आमच्या इमारतीतल्या आठवीतल्या मुलीने जूनपासून अशी वही सुरू केली आहे. ती गच्चीवरून पश्चिमेचा फोटो काढते. सूर्य रोज थोडा थोडा डावीकडे सरकत मावळतो आणि डिसेंबरच्या २१-२२ तारखेला परत फिरतो, असे मी तिला सांगितले, तेव्हा तिने संक्रांत तर १४ जानेवारीला असते म्हणून वाद घातला. आता ती डिसेंबरची वाट पाहते आहे. समोरच्या इमारतीचे मजले मात्र दर महिन्याला एक असे वाढताहेत, आणि सूर्य तिथवर पोहोचेपर्यंत तो कोपरा दिसेल की नाही याचा हिशेब तिने वहीच्या शेवटच्या पानावर मांडून ठेवला आहे.