वर्षातून एकदाच रक्तदान का?

ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग आणि त्यावर औषधे निघाली आहेत, एवढे आपणांस ठाऊक असते. लहान मुलांत जास्त आढळणारा त्याचा प्रकार तर योग्य उपचारांनी आज बहुतांशी बरा होतो. पण ही औषधे रोगाबरोबरच अस्थिमज्जेत रक्त तयार होण्याचे कामही काही आठवडे बंद पाडतात. त्या आठवड्यांत रुग्ण तगला तरच औषधाचा उपयोग! तेवढे दिवस त्याला रक्त, प्लेटलेट व प्रतिजैविके देऊन जपावे लागते. याला पूरक उपचार म्हणतात. नाव दुय्यम वाटते. काम दुय्यम नाही.

प्लेटलेट म्हणजे रक्तस्राव थांबविणाऱ्या सूक्ष्म कणिका. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बेथेस्डा येथे राष्ट्रीय कर्करोग संस्थेत ल्युकेमियाची मुले रक्तस्रावाने दगावत. ताज्या प्लेटलेट दिल्या तर तो थांबतो, हे डॉ. एमिल फ्रायराइख यांनी दाखविले. पुढे आयबीएम कंपनीतील अभियंते जॉर्ज जडसन त्यांना येऊन मिळाले. जडसन यांच्या स्वतःच्या मुलालाच ल्युकेमिया झाला होता. रक्तातील घटक वेगळे करणारे यंत्र १९६५ च्या सुमारास तयार झाले ते अशा बापाच्या धडपडीतून.

आता वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याचा हिशेब मांडतो. तांबड्या पेशी शीतकपाटात ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लेटलेटना शीतकपाट चालत नाही. २० ते २४ अंश सेल्सिअसला त्या सारख्या हलवत ठेवाव्या लागतात, आणि तरीही साधारण ५ दिवसांतच त्यांची मुदत संपते. १ ऑक्टोबरला, राष्ट्रीय ऐच्छिक रक्तदान दिनी, शिबिर होते. भाषणे होतात, फोटो निघतात, बिस्किटे वाटली जातात. ७ तारखेला त्यातली एकही प्लेटलेट कामाची नसते. रुग्णाला मात्र ती दिवाळीत लागते, परीक्षेच्या दिवसांत लागते आणि सारी कॉलेजे ओस पडलेली असतात त्या मे महिन्यातही लागते. मग नातेवाइकांनी वॉर्डाबाहेर उभे राहून दाते शोधत फिरायचे! नाशवंत मालाची वर्षाची खरेदी एका दिवसात उरकणाऱ्या दुकानदाराला आपण शहाणा म्हणू काय?

शिबिरे बंद करा असे मी म्हणत नाही. पण त्यांच्या जोडीला एक नोंदवही हवी. १८ वर्षे पूर्ण झालेल्या व ५० किलोंहून अधिक वजनाच्या, इच्छुक विद्यार्थ्यांची नावे, रक्तगट आणि सुटीतला पत्ता तिच्यात असावा. यंत्राने प्लेटलेट देण्यास एक-दीड तास लागतो. तांबड्या पेशी परत आपल्याच अंगात सोडल्या जातात, त्यामुळे ‘अशक्तपणा येईल’ या आजीच्या भीतीला फारसा आधार उरत नाही. अशा एका दात्याकडून मिळणाऱ्या प्लेटलेट एरवी पाच-सहा जणांच्या रक्तातून जमवाव्या लागतात. नावे शहरातील रक्तपेढीला कळवावीत आणि तिने गरजेप्रमाणे, पाळीपाळीने बोलवावे.

‘रक्तदान’ हा शब्द कन्नडातही रक्तदानच आहे. तेव्हा निदान नोंदवहीच्या नावावरून तरी वाद नको. ग्रंथालयाच्या काउंटरवर तिला जागा मिळाली तर याच सत्रात सुरुवात करता येईल.