किल्ली कोणाच्या हाती?

पुण्याच्या कोणत्याही मोठ्या चौकात सकाळी दहाच्या सुमारास पाच मिनिटे उभे राहावे. शिट्टी वाजते, गणवेशातील एक हात वर जातो आणि दुचाकीवरून कचेरीला निघालेला एखादा गृहस्थ रस्त्याच्या कडेला थांबतो. तो पुरता थांबतो न थांबतो तोच दुसरा शिपाई पुढे येऊन गाडीची किल्ली काढून घेतो. त्यानंतरचा सारा संवाद त्या किल्लीभोवती फिरत राहतो. आरोप कोणता, त्याला आधार काय, दंड किती, हे प्रश्न मागे पडतात आणि ‘आधी किल्ली द्या’ व ‘आधी दंड भरा’ या दोन वाक्यांची ओढाताण सुरू होते. अखेर गृहस्थ खिशात हात घालतो. तो हात पाकिटाकडे जातो की एखाद्या वजनदार ओळखीच्या माणसाला फोन लावण्यासाठी जातो, एवढाच काय तो फरक.

हा प्रसंग इतका नित्याचा झाला आहे की त्यात काही विपरीत आहे असे कोणाला वाटेनासे झाले आहे. आम्हांस मात्र तो वाटतो तितका क्षुल्लक वाटत नाही. सामान्य नागरिक उभ्या आयुष्यात न्यायालयाची पायरी क्वचितच चढतो आणि मंत्रालयाचे दार तर त्याने पाहिलेलेही नसते. त्याच्या दृष्टीने राज्यसंस्था म्हणजे चौकात उभा असलेला तो शिपाई. शासनाची आणि नागरिकाची समोरासमोर गाठ जिथे रोज पडते, ती जागा म्हणजे रस्त्याची कडा. त्या जागी कायदा चालतो की केवळ आवाजाची पट्टी चालते, यावरून नागरिकाची कायद्यासंबंधीची एकंदर भावना घडत असते. म्हणून या दोघांना कायद्याने काय दिले आहे आणि त्यांजकडून काय मागितले आहे, याचा एकदा शांतपणे विचार होणे अगत्याचे आहे.

आधी वाहनचालकाची कर्तव्ये पाहू, कारण हक्कांचा उच्चार करण्याची पात्रता कर्तव्यपालनातून येते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ११९ वे कलम सांगते की, वाहतुकीचे नियमन करणाऱ्या पोलिसाची सूचना प्रत्येक चालकाने पाळली पाहिजे. इशारा झाला की थांबावयाचे; बगल देऊन पळावयाचे नाही, की गाडी उलट दिशेने वळवून गल्लीत घालावयाची नाही. कायदेशीर आदेश न जुमानल्यास कलम १७९ खाली दोन हजार रुपयांपर्यंत दंड आहे. कलम १३० प्रमाणे गणवेशातील पोलिसाने मागताक्षणीच अनुज्ञप्ती, म्हणजे आपण बोलताना ज्याला लायसन्स म्हणतो ते, तपासणीसाठी दाखविणे बंधनकारक आहे. येथे ‘गणवेशातील’ हा शब्द महत्त्वाचा आहे. साध्या कपड्यांतील कोणीही येऊन हे कागद मागावे, असे या कलमात अभिप्रेत नाही. तसेच मद्यपानाचा संशय असल्यास श्वासाची चाचणी मागण्याचा अधिकार कलम २०३ ने पोलिसांस दिला आहे, आणि ती टाळणे चालकाच्याच अंगावर येते.

आता दुसरी बाजू. कागद दाखवावयाचे म्हणजे ते कागदाचेच असले पाहिजेत असे आता राहिलेले नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१८ साली झालेल्या दुरुस्तीने, अनुज्ञप्ती, नोंदणीपत्र, विमा वगैरे दस्तऐवज डिजिलॉकर किंवा एम-परिवहन यांसारख्या शासनमान्य साधनांतून मोबाइलवर दाखविले तरी ते ग्राह्य ठरतात. १ ऑक्टोबर २०२० पासून अमलात आलेल्या नियमांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. तपासणी केव्हा झाली आणि कोणत्या अधिकाऱ्याने केली, याची नोंद संगणकीय यंत्रणेत व्हावी आणि एकाच चालकाला पुन्हापुन्हा अडवून होणारा जाच टळावा, असा त्या नियमांचा हेतू सांगण्यात आला आहे. चालकांचा जाच ही गोष्ट खुद्द सरकारनेच मान्य केली आहे, असा याचा सरळ अर्थ होतो.

अनुज्ञप्ती जप्त करण्याचा अधिकार पोलिसांस आहे काय? आहे, परंतु तो सरसकट नाही. दस्तऐवज खोटा असल्याचा रास्त संशय असेल, किंवा आरोपी फरारी होईल अथवा समन्स टाळील असे मानण्यास कारण असेल, तर कलम २०६ खाली ती ताब्यात घेता येते. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात अतिवेग, धोकादायक रीतीने वाहन चालविणे, मद्यपान करून चालविणे, हेल्मेटविना दुचाकी चालविणे अशा काही अपराधांची भर पडली आहे. पण या प्रत्येक प्रसंगी पोचपावती देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. वाहन अटकावून ठेवण्याचा अधिकार कलम २०७ मध्ये आहे; तोही अनुज्ञप्ती नसणे, नोंदणी नसणे, परवाना नसणे अशा ठरावीक कारणांपुरता, आणि वाहन सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी पत्करून. असा रीतसर अटकाव बाजूला ठेवला, तर नुकत्याच थांबलेल्या गाडीची किल्ली हिसकावून घ्यावी, चाकातली हवा सोडावी किंवा चालकाच्या दंडाला धरून त्याला खाली ओढावे, असे सांगणारे कलम या कायद्यात कोठेही सापडत नाही.

दंडाची गोष्टही अशीच आहे. कलम २०० नुसार काही अपराध तडजोडीने जागीच मिटविता येतात. कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याने आणि किती रकमेवर, हे राज्य सरकार अधिसूचनेने ठरविते. परंतु तडजोड ही उभयपक्षी असते. ज्यास आरोपच मान्य नाही, त्याने न्यायालयात जाऊन आपले म्हणणे मांडावे, हा मार्ग त्याला नेहमी खुला आहे. जो दंड भरतो त्याला पावती मिळालीच पाहिजे. पावतीशिवाय दिलेल्या पैशाला दंड म्हणत नाहीत. त्याचे खरे नाव सर्वांना ठाऊक आहे. अटकेचा प्रसंग आलाच, तर राज्यघटनेचा २२ वा अनुच्छेद चौकातही लागू असतो. अटकेचे कारण सांगितले पाहिजे, वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे आणि २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. मद्यपानाच्या आरोपावरून अटक झालेल्या इसमाची दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर त्याला सोडून द्यावे, असे खुद्द मोटार वाहन कायदाच सांगतो.

माणसाऐवजी यंत्राने पकडल्यावर तरी वाद मिटतो काय? तेथेही २०२१ चे नियम आहेत. ज्या रस्त्यावर कॅमेरे लावले असतील, तेथे तशी सूचना ठळकपणे लावली पाहिजे आणि अपराध घडल्यापासून १५ दिवसांत त्याची नोटीस चालकाकडे पोहोचती झाली पाहिजे. कित्येकांना मात्र वर्षभराची चलाने एकदम कळतात, आणि तीही चौकात अडविल्यावर. चूक कोणती हे त्या वेळी आठवत नाही, आणि शिक्षा मात्र समोर उभी असते. विद्यार्थ्याला सहामाहीत केलेल्या चुकीबद्दल वार्षिक परीक्षेनंतर छडी मारली, तर तो छडी तेवढी लक्षात ठेवतो, चूक विसरून जातो. शिक्षेतून शिस्त यावी अशी अपेक्षा असेल, तर तिला वेळेचे बंधन हवेच.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. रस्त्यावर माणसे किड्यामुंग्यांसारखी मरत असताना चालकाच्या हक्कांची ही पोथी कशाला वाचता, असे कोणी विचारील. आकडे खरोखरच भीषण आहेत. २०२२ या एका वर्षात देशात ४ लाख ६१ हजार ३१२ अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ५० हजारांहून अधिक जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. हे लक्षात घेता कठोर अंमलबजावणीला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. तिचे आम्ही स्वागतच करू. २०१९ च्या आरंभी या शहरात हेल्मेटसक्ती सुरू झाली तेव्हा तिच्या विरोधात सभा झाल्या, कृती समित्या उभ्या राहिल्या. त्या आंदोलनातील पुष्कळशा युक्तिवादांत आम्हांस तथ्य दिसले नाही. परंतु त्याला जो प्रतिसाद मिळाला, त्याचे मूळ आम्हांस हेल्मेटच्या ओझ्यात दिसत नाही. चौकात होणारा अपमान लोकांच्या मनात साचलेला होता, आणि हेल्मेट हे त्याला निमित्त झाले. नियम योग्य असूनही तो राबविणाऱ्याची रीत अयोग्य असेल, तर लोक रीतीवरचा राग नियमावर काढतात. कायदेशीर वागणूक ही अंमलबजावणीच्या वाटेतील धोंड आहे असे मानणाऱ्यांनी या अनुभवाचा विचार करावा.

आणि आता आमच्या वाचकांविषयी. हा अग्रलेख वाचणारा वर्ग सुशिक्षित आहे. त्याला आपले हक्क ठाऊक नसतील, पण आपल्या ओळखी पक्क्या ठाऊक असतात. अडविले की फोन निघतो, ‘मी कोण आहे माहीत आहे का?’ हा प्रश्न निघतो, किंवा शंभराची नोट घडी करून पुढे सरकते आणि ‘वेळ वाचला’ असे समाधान घरी आणले जाते. २०१८ सालच्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली लाच देणाराही अपराधी ठरतो. बळजबरीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांत तक्रार नोंदविणाऱ्यासच त्यातून सूट आहे. महाराष्ट्रात त्यासाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक उपलब्ध आहे. किती जणांनी तो कधी फिरवला असेल? ज्याच्याकडे वशिला आहे तो वशिल्याने सुटतो, ज्याच्याकडे पैसा आहे तो पैशाने सुटतो. आणि या दोघांच्या सुटण्याची भरपाई रिक्षावाल्याकडून, टेंपोवाल्याकडून, घरोघर डबे आणि पार्सले पोचविणाऱ्या पोराकडून होते. त्याचा अर्धा तास गेला तर अर्ध्या दिवसाची कमाई जाते. हुज्जत घालणे त्याला परवडत नाही, म्हणून तो चुकीचेही निमूट सोसतो. सुशिक्षितांनी फोन खिशात ठेवून, शांतपणे, कलमाचा आधार विचारण्याची सवय लावून घेतली, तर तिचा पहिला लाभ त्या माणसाला होईल.

शिपायाची बाजूही आम्ही विसरलेलो नाही. उन्हात, धुरात आणि कर्ण्यांच्या कल्लोळात तासन्‌तास उभे राहणे हे सोपे काम नव्हे. त्याच्या अंगावर गाडी घालण्याचे, त्याला गाडीच्या टपावर फरफटत नेण्याचे प्रकार वृत्तपत्रांतून वाचावयास मिळतात, आणि ते निंद्यच आहेत. लोकसेवकावर त्याच्या कर्तव्यात हल्ला करणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या १३२ व्या कलमाने कारावासाची शिक्षा सांगितली आहे. ती योग्यच आहे. परंतु त्याच शिपायाने स्वतः हेल्मेटविना दुचाकी हाकली, तर त्याची काय वाट? मोटार वाहन कायद्याच्या कलम २१०-ब चे उत्तर असे की, कायदा राबविणाऱ्यानेच तो मोडला तर दंड दुप्पट. या एका कलमाचा चौकाचौकांत प्रामाणिकपणे वापर झाला, तर लोकांच्या मनातील निम्मी कटुता आपोआप विरून जाईल, अशी आमची खात्री आहे.

उपाय फार खर्चाचे नाहीत. प्रत्येक प्रमुख चौकात एक फलक लावावा आणि त्यावर चालकाची कर्तव्ये व पोलिसांच्या अधिकारांच्या मर्यादा स्वच्छ मराठीत लिहाव्या. प्रत्येक पोलिसाच्या छातीवरील नावाची पट्टी झाकली जाणार नाही, याची वरिष्ठांनी झडती घ्यावी. नाव स्पष्ट दिसले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली डी. के. बसू खटल्यात अटक करणाऱ्या पोलिसांसाठी सांगितलेच आहे. कारवाई शक्यतो अंगावरील कॅमेऱ्यासमोर व्हावी. त्यात सज्जन शिपायाचेही रक्षण आहे. अनुज्ञप्तीच्या परीक्षेत रस्त्यावरील चिन्हे ओळखता येतात की नाही हे पाहतात, त्याबरोबरच पोलिसाने थांबविल्यास काय करावे, हा एक प्रश्न आवर्जून विचारावा.

चालकाने थांबावे, नम्रपणे बोलावे, कागद दाखवावे, चूक असेल तर कबूल करून पावती घ्यावी आणि नसेल तर न्यायालयाची वाट धरावी. पोलिसाने नाव दाखवावे, आरोप सांगावा, पावती द्यावी आणि किल्लीला हात लावू नये. एवढे दोघांनी पाळले, तर दोन मिनिटांत संपणारे हे काम आहे. या शहराने नागरी हक्कांवर व्याख्याने पुष्कळ ऐकली आहेत. उद्या सकाळी शिट्टी वाजेल तेव्हा त्यांतले किती आपल्या अंगी उतरले आहे, हे प्रत्येकाला स्वतःशीच तपासून पाहता येईल.