रक्तातला आकडा आणि तोंडातला व्रण

शहरांतील प्रयोगशाळा ‘कर्करोगाची रक्तपरीक्षा’ या नावाने काही चाचण्या आरोग्यतपासणीच्या योजनांत घालून विकू लागल्या आहेत. त्यांविषयी वाचकांशी स्पष्ट बोलणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. चाचणी खोटी नाही. तिच्या नावे दिले जाणारे अभयवचन खोटे आहे.

कर्करोगाची गाठ काही द्रव्ये रक्तात सोडते. वैद्यकात त्यांना ‘ट्यूमर मार्कर’ म्हणतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातील ‘सीईए’ हे द्रव्य कॅनडातील गोल्ड व फ्रीडमन यांनी १९६५ साली दाखविले. बीजांडकोशाच्या कर्करोगातील ‘सीए-१२५’ १९८१ साली पुढे आले. शस्त्रक्रियेनंतर हे प्रमाण उतरले, तर उपचार लागू पडल्याची खूण मिळते. पुढे ते सतत चढू लागले, तर रोग परतल्याची शंका येते. अर्थ असतो तो या चढउताराला, एकट्या आकड्याला नव्हे. आणि तोही परीक्षा एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीने झाली तर. आम्ही वर्गात शिकवीत होतो तेव्हा एका पेपराचे गुण पाहून मुलाची योग्यता ठरवीत नसू, प्रगतिपुस्तक पाहत असू. येथेही न्याय तोच.

निरोगी माणसाच्या हाती हाच आकडा पडला की तो फसवा ठरतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्याचे सीईए कर्करोगावाचूनही वाढलेले असू शकते. पोटाच्या क्षयाने, एवढेच काय, मासिक पाळीतही सीए-१२५ चढते. उलटपक्षी, रोग आरंभावस्थेत असता आकडा निर्दोष दिसू शकतो. उपचार घेऊन बऱ्या झालेल्यांतही त्याची सत्ता मर्यादितच आहे. बीजांडकोशाच्या कर्करोगाच्या रुग्णांवरील एक मोठा प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. लक्षणे नसता केवळ सीए-१२५ वाढले म्हणून लवकर औषधे सुरू केल्याने आयुष्य वाढले नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

आणि आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीचे काय? पानठेल्यावर सुपारी, तंबाखू व चुना घोटून दिला जाणारा खर्रा येथे थोरांच्याच नव्हे, पोरांच्याही गालात असतो. त्यातून उद्भवणाऱ्या मुखाच्या कर्करोगासाठी भरवशाची अशी रक्तपरीक्षा आजही नाही. तो पकडण्यास लागतो एक विजेरीचा झोत आणि शिकलेली नजर. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील प्रयोगात तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांची तोंडे अशी नियमित तपासली, तेव्हा त्यांच्यातील मुखकर्करोगाचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले, हे २००५ साली प्रसिद्ध झाले आहे. ही परीक्षा कोणी जाहिरात करून विकत नाही, कारण तिच्यात नफा नाही!

तथापि ज्यांच्यावर उपचार चालू आहेत, त्यांना मार्कर अवश्य मिळाला पाहिजे. भामरागडच्या रुग्णाने एका आकड्यासाठी नागपूर गाठावे काय? पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बुडतो. रोजंदारी बुडते, सोबतच्या माणसाची मजुरी बुडते, आणि अखेर उपचारच सुटतो. रुग्णाऐवजी रक्ताने प्रवास करावा. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात रक्त घ्यावे, ते थंड पेटीतून ठरलेल्या एकाच प्रयोगशाळेत जावे, आणि अहवाल रुग्णाच्या हाती नुसता न पडता उपचार करणाऱ्या डॉक्टरांमार्फत समजावून दिला जावा. यासाठी नवा शोध लागत नाही. लागते ती व्यवस्था.

शासनाकडे आमच्या मागण्या दोनच आहेत: रोग्याला मार्कर त्याच्या तालुक्यात मिळावा, आणि निरोग्याला तो ‘कर्करोग नाही’ या हमीसारखा विकला जाऊ नये. वाचकांकडे मागणे त्याहून लहान आहे. तपासणीच्या योजनेवर पैसे मोजण्यापूर्वी आरशासमोर तोंड उघडून पाहावे. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण वा पांढरा चट्टा दिसला, तर डॉक्टरांकडे जावे. आणि घरी कामाला येणाऱ्या खर्रा खाणाऱ्या माणसालाही तेच सांगावे. सुशिक्षित म्हणविणाऱ्यांकडून एवढी अपेक्षा अवाजवी नाही.