छोट्या शाखेतला मोठा माणूस

कुणी मोठा फुटबॉलपटू उतारवयात एखाद्या लहानशा लीगमध्ये गेला, की आमच्या शाखेचे हेडकॅशियर हातातलं नोटांचं पुडकं खाली ठेवतात आणि निकाल देतात, "गेला पेन्शनीत!" 2022 च्या अखेरीस रोनाल्डोने सौदी अरेबियातल्या अल नसरशी करार केला तेव्हा त्यांनी हा निकाल दिला. 2023 साली मेस्सी अमेरिकेतल्या इंटर मायामीकडे गेला तेव्हा तोच निकाल पुन्हा दिला. फक्त शिक्क्यावरची तारीख बदलली. हेडकॅशियर फुटबॉल फारसा बघत नाहीत. पण मत द्यायला खेळ बघावा लागतो, अशी अट आपल्याकडे कधीच नव्हती.

बरं, हे एकट्या हेडकॅशियरांचं मत असतं तर मी ते सस्पेन्स खात्यात टाकून मोकळा झालो असतो. पण लोकलमध्ये, सोसायटीच्या गच्चीवर, लग्नाच्या पंगतीत, जिथे जावं तिथे हेच. "तिकडे जाऊन काय खेळणार? पैसे गोळा करायला गेला." आणि मग जिलबीचा तुकडा मोडता मोडता ठेवणीतलं वाक्य येतं, "माणसानं कसं, वेळेवर थांबावं हो!"

या वाक्याला आपल्याकडे मोठा आधार आहे. विजय मर्चंट यांच्या नावावर सांगतात, की लोक 'का थांबलात?' असं विचारतील तेव्हाच थांबावं, 'कधी थांबणार?' असं विचारेपर्यंत वाट पाहू नये. सल्ला सोन्यासारखा आहे. पण तो अब्रूसाठी आहे, खेळासाठी नाही. ज्याला नाव राखायचं आहे त्याने शिखरावर थांबावं, हे ठीक. पण एखाद्याला एक काम उत्तम येतं, आणि दूर कुठल्या गावात ते कुणालाच येत नाही, तेव्हा त्या गावाने काय करायचं? त्या माणसाची तसबीर टांगून तिला उदबत्ती ओवाळायची?

माझं म्हणणं साधं आहे. मोठा माणूस छोट्या ठिकाणी गेला, एवढ्यावरून तो उतरला असं ठरत नाही. त्याने तिथे जाऊन काय केलं आणि तो निघून गेल्यावर तिथे काय शिल्लक राहिलं, हे दोनच आकडे बघायचे. बाकी सगळं म्हणजे पासबुकाच्या कव्हरवरचं चित्र. खात्यात किती आहे ते चित्रावरून कळत नाही, हे मी कॉमर्सचा पदवीधर म्हणून जबाबदारीने सांगतो.

साक्षीदार म्हणून मी झिकोला हजर करतो.

झिको म्हणजे ब्राझीलचा दहा नंबर. 1978, 1982 आणि 1986 असे तीन विश्वचषक खेळलेला. 1981 साली टोकियोत त्याच्या फ्लामेंगो क्लबने लिव्हरपूलला 3-0 असं हरवलं, तेव्हा मैदान त्याच्या मालकीचं असल्यासारखा तो खेळला होता. 1986 मध्ये फ्रान्सविरुद्ध त्याची पेनल्टी हुकली, आणि विश्वचषक काही त्याच्या हाती लागला नाही तो नाहीच. 1990 मध्ये फ्लामेंगोला रामराम केल्यावर ब्राझीलच्या सरकारने त्याला क्रीडाखात्याचा कारभार दिला. आता तुम्हीच सांगा, याच्यापेक्षा चांगली निवृत्ती कोणती? गाडी, सलाम, फिती कापणं. आपल्याकडे एकदा मंत्रिपद मिळालं की माणूस खेळ तर सोडाच, जिनासुद्धा चढत नाही.

आणि हा गृहस्थ 1991 साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, जपानमधल्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळायला गेला!

पहिल्यासुद्धा नाही, दुसऱ्या. संघ होता सुमितोमो मेटल्स या पोलाद कंपनीचा. टाइम्स शील्डमध्ये ऑफिसांचे संघ उतरतात ना, तसलाच मामला. गाव काशिमा. पन्नास हजारांच्या आतली वस्ती, एक जुनं नामांकित देवस्थान आणि एक पोलादाचा कारखाना. जपानमध्ये तेव्हा नव्या व्यावसायिक लीगची जुळवाजुळव चालली होती आणि या कंपनीला त्यात शिरायचं होतं. लीगचे प्रमुख साबुरो कावाबुची यांनी त्यांना सांगितलं, की तुम्हाला प्रवेश न मिळण्याची शक्यता 99.9999 टक्के आहे. दशांशचिन्हानंतर चार नऊ! आम्ही व्याजाच्या हिशेबातही इतक्या घरांपर्यंत जात नाही. वर अट घातली, की पंधरा हजार माणसं बसतील असं छपराचं खास फुटबॉलचं स्टेडियम बांधत असाल तर बघू. दुसरं कुणी असतं तर अर्ज मागे घेऊन चहा प्यायला गेलं असतं. या लोकांनी स्टेडियम बांधलं. आणि ज्यांच्याकडे जेमतेम संघ होता, त्यांनी झिकोला बोलावलं.

"पैशासाठीच गेला असेल की!" असं इथे पंगतीतून कुणीतरी म्हणणार. घेतले ना पैसे. न घ्यायला तो काय कीर्तनाला गेला होता? आपण महिनाअखेरीला पगार घेतो तो काही तीर्थप्रसाद म्हणून घेत नाही. पगार घेतला हा आरोपच नव्हे. पगार घेऊन काम केलं नाही, हा आरोप. आणि तो ज्यांनी करायचा त्यांची यादी बरीच लांब आहे. ती मी इथे देत नाही, कारण मला अजून याच शाखेत वीस वर्षं काढायची आहेत.

तर झिकोने काय केलं? पहिली गोष्ट म्हणजे खेळला. दुसऱ्या डिव्हिजनच्या त्या एका मोसमात 21 गोल करून तो सर्वांत जास्त गोल करणारा ठरला. पण ते जमेच्या बाजूचं किरकोळ कलम. खरं काम वेगळंच होतं. मैदान कसं हवं, सराव कसा हवा, खेळाडूने स्वतःकडे कसं बघायला हवं, हे तो त्यांना रोजच्या रोज शिकवत राहिला. ही कंपनीची माणसं होती. धंदा म्हणून फुटबॉल खेळणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते हा सांगत होता, आणि ज्याचं पोस्टर भिंतीवर लावायचं तो माणूस समोर उभा राहून सांगत होता. हाताखालच्यांना काम शिकवणारा साहेब मिळणं किती दुर्मिळ, हे नोकरदार वाचकांना मी वेगळं सांगायला नको. आपल्याला मिळतात ते काम झालं की सही करणारे.

1993 मध्ये लीग सुरू झाली, एकूण दहा क्लब. त्याआधी इटलीतल्या सराव-दौऱ्यात काशिमाने क्रोएशियाकडून 8-1 असा सपाटून मार खाल्ला होता. मग 16 मे रोजी पहिला सामना आला तो नागोयाशी, ज्यांच्याकडे इंग्लंडचा गॅरी लिनेकर होता. म्हणजे दोन्ही बाजूंना 'पेन्शनर'! निकाल 5-0, काशिमा विजयी. त्यातले तीन गोल झिकोचे, चाळिसाव्या वर्षी. लिनेकर बिचारा पायाच्या बोटाच्या दुखण्याने हैराण झाला आणि दोन मोसमांत थोडकेच सामने खेळून घरी गेला. आता लिनेकर काही कामचुकार नव्हता. पण दोघांना एकाच तागडीत घालणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, की एका दिवशी एका कॅलेंडरातून रिटायर झालेल्या दोन माणसांचं काम तुम्ही सारखंच धरता का?

झिको संत नव्हता, हेही सांगून टाकतो. नाहीतर हा लेख सत्कार-समितीचा वाटेल. जानेवारी 1994 मध्ये विजेतेपदाच्या सामन्यात प्रतिपक्षाला पेनल्टी मिळाली, तेव्हा हा गृहस्थ रागाच्या भरात पुढे गेला आणि चेंडूवर थुंकला! पंचांनी बाहेर काढलं. विजेतेपदही गेलं. आपल्याकडे भिंतीवर थुंकणाऱ्याला कुणी काही बोलत नाही, तिकडे चेंडूवर थुंकलेलं चालत नाही. पण मला यात वेगळंच दिसतं. पेन्शन घ्यायला आलेला माणूस एका पेनल्टीसाठी इतका पेटत नाही. तो घड्याळाकडे बघत असतो.

आता दुसरा आकडा. तो निघून गेल्यावर काय उरलं?

1994 मध्ये झिकोने खेळणं थांबवलं. 1996 मध्ये काशिमाने पहिल्यांदा लीग जिंकली. म्हणजे तो मैदानात नसताना! 2016 पर्यंत त्यांनी ती आठ वेळा जिंकली. तोक्यो-ओसाकाचे बडे क्लब बघत राहिले आणि कारखान्याच्या गावाने चषक ठेवायला कपाट केलं. त्याच्या वाटेने ब्राझीलचे 1994 चे विश्वविजेते जोर्जिन्यो आणि लिओनार्दो त्या गावात येऊन खेळून गेले. डिसेंबर 2016 मध्ये क्लब विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात काशिमाने रिअल माद्रिदला नव्वद मिनिटं 2-2 असं रोखून धरलं. जादा वेळेत 4-2 असे हरले. त्यांना हरवायला रोनाल्डोला तीन गोल करावे लागले. 2018 मध्ये ते आशियाचे विजेते झाले, आणि त्याच वर्षी झिको पुन्हा त्यांच्या कामात हात घालायला परतला होता. निष्ठा, सचोटी आणि आदर असे तीन शब्द तो क्लब 'झिकोचा वारसा' म्हणून आजही सांगतो. तसे तीन-तीन शब्द आमच्याही बँकेच्या भिंतीवर फ्रेम करून लावले आहेत. फ्रेमच्या मागे पाल राहते.

आता विरुद्ध बाजूचा पुरावाही घेऊ, म्हणजे ऑडिटरला बोलायला जागा नको. 1975 मध्ये साक्षात पेले न्यूयॉर्क कॉसमॉसकडे गेला. 1977 च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या एका सामन्याला 77,691 माणसं आली. त्याच सप्टेंबरमध्ये कॉसमॉसचा संघ कलकत्त्याला आला आणि ईडन गार्डन्सवर मोहन बागानने पेलेसकट त्यांना 2-2 असं रोखलं. पण अमेरिकेतली ती लीग 1984 च्या मोसमानंतर बंद पडली. यात पेलेचा काय दोष? त्याने गर्दी आणली. त्या गर्दीची मुदत ठेव करायची, की उधळपट्टी, हे मालकांनी ठरवायचं होतं. कॉसमॉसचं बघून बाकीच्यांनी ऐपतीबाहेर खर्च केला. शेजाऱ्याने रंगीत टीव्ही घेतला म्हणून कर्ज काढणाऱ्या कुटुंबाचं जे होतं, तेच झालं.

आणि हे मी अमेरिकेला नाही, आपल्याला ऐकवतो आहे. 2014 मध्ये आपल्याकडे इंडियन सुपर लीग सुरू झाली. देल पिएरो दिल्लीत आला, त्रेझगे पुण्यात आला, पिरेस गोव्यात आला. सगळे एकेकाळचे विश्वविजेते. मोसम किती? 12 ऑक्टोबर ते 20 डिसेंबर. अहो, आपला चातुर्माससुद्धा चार महिन्यांचा असतो! एवढ्यात कांदा-लसूण सोडून होत नाही, तिथे फुटबॉल कुठून रुजणार? आपण त्यांना हार घालायला बोलावलं, त्यांनी हार घालून घेतले आणि मोसम संपताच गेले. मग आपणच म्हणालो, "बघा, पैसे घेऊन गेले!"

गंमत म्हणजे, झिकोही आपल्याकडे आला होता. 2014 पासून तीन मोसम तो एफसी गोवाचा प्रशिक्षक होता. 2015 मध्ये त्याच्या संघाने आमच्या मुंबईला 7-0 असं धुतलं. तो आकडा सकाळी पेपरात वाचून मला आधी टेलिफोन नंबरातला तुकडा वाटला. त्या वर्षी फातोर्ड्याला घरच्या मैदानावर अंतिम सामना 3-2 असा गेला. 2016 मध्ये संघ तळाला राहिला आणि झिको गेला. माणूस तोच होता. काशिमाकडे त्याच्या पाठीशी स्टेडियम होतं, कंपनी होती आणि वर्षभराचं काम होतं. इथे तो वर्षाकाठी जेमतेम एका हंगामाचा पाहुणा. मोठा माणूस बोलावणं सोपं असतं. त्याला करायला काम ठेवणं अवघड.

आमच्या बँकेत तालुक्याच्या शाखेत बदली म्हणजे शिक्षा समजतात. ऑर्डर हातात पडली की लोक सांत्वनाला येतात, कुणी साहेबांना भेटायचा सल्ला देतं, कुणी डॉक्टरच्या सर्टिफिकेटचा. हुशार माणसं मोठ्या शाखेत आणि ज्यांना कुणी नको म्हणतं ती खेड्यात, हा अलिखित नियम आहे. पण तिथल्या खातेदाराने काय पाप केलंय? त्याच्या पासबुकातल्या नोंदी चुकल्या तर चालतात का? त्याचा रुपया काय नव्वद पैशांचा असतो? 'लहान लीगमध्ये गेला म्हणजे संपला' हे वाक्य मला झोंबतं ते याच कारणाने. त्यात खेळाडूची कीव कमी असते, आणि त्या लहान गावाबद्दलची तुच्छता जास्त. तुमच्या नशिबी दुय्यमच, आणि चांगला माणूस आला तर तो नक्की बिघडलेला असणार, असं आपण त्या गावाला तोंडावर सांगत असतो.

तेव्हा यापुढे कुणी मोठा खेळाडू कुठल्या आडगावच्या संघाकडे गेला, तर त्याच्या पगाराची चौकशी जरूर करा. आपला तो धर्मच आहे. पण त्याबरोबर त्या गावात दोन्ही हातांनी कुंपणाची जाळी धरून उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या पोरालाही एकदा विचारा. आपल्या लेखी तो खेळाडू गेलेला असतो. त्या पोराच्या लेखी तो आलेला असतो.