दलाल नक्की कुणाचा?

गेले चार महिने आमचे सगळे शनिवार-रविवार घर शोधण्यात चाललेत. वाकड, रावेत, सिंहगड रस्ता, वारजे असं फिरून झालं. आता कुठल्याही बिल्डिंगखाली उभा राहिलो तरी लिफ्ट किती आणि पार्किंग झाकलेलं की उघडं, हेच आधी बघतो. असो. या फिरण्यात घरांबद्दल जेवढं कळलं त्याच्यापेक्षा जास्त एजंट या प्राण्याबद्दल कळलं, म्हणून आज त्याच्यावर.

आमच्या बाबांचं मत एका वाक्यात: "दलाल म्हणजे दलाल, त्याला कशाला पैसे द्यायचे?" ऑफिसमधल्या मित्रांचं मत बरोब्बर उलटं. नवीन प्रोजेक्टमध्ये एजंटला आपण काहीच देत नाही, बिल्डर देतो, मग फुकटची गाडी, फुकटची कॉफी, घेऊन टाक की! मला दोन्ही मतं चुकीची वाटतात, आणि मित्रांचं जास्त.

साधं गणित आहे. ८५ लाखांच्या नव्या फ्लॅटवर बिल्डर एजंटला दोन-तीन टक्के देतो, कधी त्याहून जास्तही. तीन टक्के धरले तर २ लाख ५५ हजार. तोच एजंट तुम्हाला ७८ लाखांचा रीसेलचा फ्लॅट मिळवून देईल तेव्हा तुमच्याकडून एक टक्का, म्हणजे ७८ हजार घेईल. आता सांगा, "सर, रीसेलमध्ये काय ठेवलंय, जुनी बिल्डिंग, मेंटेनन्सची कटकट" हे तो का म्हणत असेल? आमचा पहिला एजंट तर दर शनिवारी म्हणायचा. पहिल्याच भेटीत बिल्डरच्या ऑफिसात फॉर्मवर आमचं नाव-नंबर लिहून घेतलं, "कुणामार्फत आलात" या रकान्यात स्वतःचं नाव टाकलं. नंतर कळलं, एकदा नाव असं चढलं की ठराविक दिवस आपण त्याचे गिऱ्हाईक म्हणून धरले जातो. म्हणूनच त्याची गाडी एवढ्या तत्परतेनं दारात यायची.

बरं, रीसेलमध्ये तरी तो आपला असतो का? समजा ७८ लाखांच्या फ्लॅटवर त्यानं मालकाशी भांडून तीन लाख कमी करून दिले. माझे तीन लाख वाचले. त्याचं ब्रोकरेज ७८ हजारांवरून ७५ हजारांवर आलं, म्हणजे मेहनत करून तीन हजारांचं नुकसान. शिवाय इकडे बरेच जण दोन्हीकडून ब्रोकरेज घेतात. त्याला भाव पाडण्यात रस नसतो, सौदा लवकर उरकण्यात असतो. २००५ साली आलेल्या 'फ्रीकॉनॉमिक्स'मध्ये शिकागोच्या एजंटांबद्दल हेच आहे. स्वतःचं घर विकताना ते सरासरी दहा दिवस जास्त थांबायचे आणि तीन टक्क्यांहून जास्त किंमत मिळवायचे. तिथले एजंट विकणाऱ्याचे होते, पण घाईचं कारण तेच.

ही घाई मला ५१ हजारांना पडली. सिंहगड रस्त्याच्या बाजूला सातव्या मजल्यावर एक फ्लॅट आवडला. दुसऱ्या एजंटचा फोन, "सर, संध्याकाळी दुसरी पार्टी टोकन घेऊन येतेय, आत्ताच देऊन टाका." भोगवटा पत्राचं विचारलं तर, "अहो, बँकेनं याच बिल्डिंगमध्ये कर्ज दिलंय, म्हणजे सगळं क्लिअर." मी दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमध्ये चुका काढणारा माणूस, पण साधी पावतीसुद्धा न घेता पैसे ट्रान्सफर केले. त्यात बाबांच्या प्रॉव्हिडंट फंडाचा हिस्सा होता, हे जास्त लागलं.

वकीलही तोच देत होता, "आपलाच माणूस आहे, सर्च रिपोर्ट दोन दिवसांत." इथे मात्र बायको अडून बसली. ज्यानं प्रोग्राम लिहिला त्यालाच टेस्टिंग करून सही करायला सांगतोस का, असं तिनं माझ्याच भाषेत सुनावलं. आमच्या वकीलबाईंनी कागद काढले तर भोगवटा पत्र सहाव्या मजल्यापर्यंतच होतं! टोकन अडीच महिन्यांनी परत आलं, तेही "खर्चापोटी" अकरा हजार कापून. एजंटनं फोन उचलणं कधीच बंद केलं होतं.

गंमत म्हणजे हा गृहस्थ महारेराकडे नोंदलेला होता. नोंदणी क्रमांक मी आधी साइटवर तपासलाही होता. रेरा कायदा २०१६ चा, १ मे २०१७ पासून पूर्ण लागू झाला. नोंदणीकृत प्रोजेक्टमधली घरं विकणाऱ्या एजंटला नोंदणी सक्तीची आहे, आणि महाराष्ट्रात २०२३ पासून त्यांना प्रशिक्षण आणि परीक्षाही आहे. हे चांगलंच आहे, क्रमांक नसेल तर नव्या प्रोजेक्टसाठी त्याच्याबरोबर पाऊलसुद्धा टाकू नका. पण जुन्या सोसायटीतला रीसेलचा व्यवहार बहुतेक वेळा यात येतच नाही. आणि ड्रायव्हिंग लायसन्स असलेले सगळे नीट गाडी चालवतात का?

सध्या वारज्यातल्या एका काकांबरोबर फिरतोय. झेरॉक्सच्या दुकानातच त्यांचं टेबल आहे. पहिल्या भेटीत मी सरळ विचारलं, "तुम्हाला पैसे कोण देतं?" ते म्हणाले, "हे बघा, तुमच्याकडून एक टक्का आणि मालकाकडूनही एक टक्का. मी मधला माणूस, तुमचा नव्हे. कागद तुमच्या वकिलाकडून बघून घ्या." मग पहिलाच फ्लॅट दाखवताना, न विचारता, सोसायटीचं कन्व्हेयन्स झालेलं नाही आणि उन्हाळ्यात टँकर लागतो हेही सांगून टाकलं. बायको म्हणाली, हा माणूस धंदा कसा करतो? मला वाटतं असाच करत असणार. त्यांच्याकडे येणारे बहुतेक जण आधीच्या गिऱ्हाइकांनी पाठवलेले असतात.

काका काही संत नाहीत. फोन केला की "पाच मिनिटांत निघतो" म्हणतात आणि तासाभरानं उगवतात. पण ब्रोकरेज किती आणि ते रजिस्ट्रेशनच्या दिवशीच द्यायचं, आधी नाही, हे त्यांनी एका कागदावर लिहून सही करून दिलं. आधीच्या दोघांनी असं काही लिहून द्यायचं म्हटल्यावर "सर, विश्वासावर चालतं सगळं" म्हणून विषय बदलला होता.

बाबांना एक टक्कासुद्धा जास्तच वाटतोय. येत्या रविवारी ते स्वतः काकांशी घासाघीस करायला येणार आहेत. मी वकीलबाईंकडे जायचं निमित्त काढून ठेवलंय.